अँटीबॉडी न लावलेली स्लाइड

आधीच माफी मागतो. अमानवीय अनुभवांच्या या सदरात लिहिणारी माणसं अनुभवी असतात, त्यांची भाषा चांगली असते. माझ्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मीच पहिला. आजवर मी मन लावून लिहिलेली गोष्ट म्हणजे बोनाफाईड मिळावं म्हणून प्राचार्यांना केलेला अर्ज, आणि त्यातही सरांनी दोन चुका काढल्या होत्या. त्यामुळं हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर सांभाळून घ्या. तीनदा लिहून खोडलंय... आता पाठवतोच.

भूत, भानामती, करणी यातलं मी काही मानत नाही. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ओढ्याजवळच्या एका लिंबाखाली कुणी थांबत नाही. मी बारावीचा सगळा अभ्यास त्याच लिंबाखाली केला, कारण तिथं कुणी त्रास द्यायला येत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या अनुभवात भूत नाहीच. भर दिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात, तीन शहाण्या माणसांसमोर घडलेली गोष्ट आहे. भीती वाटली नाही. वैताग आला. अजूनही येतो.

मी छत्रपती संभाजीनगरला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. शेवटच्या वर्षी सहा महिने कुठल्यातरी लॅबमध्ये ट्रेनिंग करावं लागतं. मला क्रांती चौकापासून दहा मिनिटांवरची एक खासगी लॅब मिळाली. तिथं रक्त-लघवी नाही, फक्त ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी आणि तुकडे तपासतात. आम्ही तिघंच. मालक आणि डॉक्टर म्हणजे साळवे मॅडम — मायक्रोस्कोपमधून बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगणाऱ्या. सीनियर टेक्निशियन सलीमभाई — बावीस वर्षं हेच काम. आणि मी. (नावं सगळी बदलली आहेत.)

काम काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाठीचा तुकडा मेणात घालून त्याचा लहान ब्लॉक करतात. त्या ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढून काचेच्या स्लाइडवर चिकटवतात. मग त्यावर अँटीबॉडी नावाचं औषध टाकायचं. ते फक्त ठरावीक पेशींनाच चिकटतं, आमच्या केसमध्ये कॅन्सरच्या. त्यानंतर रंग टाकला की जिथं अँटीबॉडी चिकटली तिथं तपकिरी, बाकी सगळं निळं. एवढंच.

पण रंग आपोआप कुठंही बसू शकतो, म्हणून प्रत्येक केसच्या दोन स्लाइड करतात. एकीला अँटीबॉडी लावायची. दुसरीला सगळं तेच करायचं, पण अँटीबॉडी लावायची नाही. या दुसरीला कंट्रोल म्हणतात, ती निळीच यायला पाहिजे. तिच्यात तपकिरी आलं तर आपलंच काहीतरी चुकलंय, आणि मग पहिलीवर पण विश्वास ठेवता येत नाही.

तर मी लागून दीड महिना झाला असेल, आणि आमच्या न लावलेल्या स्लाइड तपकिरी यायला लागल्या. एकाची नाही, सगळ्यांच्या.

रंग भलतीकडं बसू नये म्हणून आधी पेरॉक्साइड लावतात, सलीमभाईंनी त्याची नवी बाटली फोडली. तेच. रंग नवा बनवला. तेच. टायमर बदलला, ओव्हनचं तापमान मोजलं, स्लाइड सुकू नयेत म्हणून झाकणाच्या डब्यात ओला कापूस ठेवून बघितला. तेच. रोज सकाळी उमेदीनं सुरू करायचं आणि दुपारी चारला मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणायच्या, "परत."

"डोक्याचं दही झालं यार," सलीमभाई म्हणायचे. "बावीस साल में ऐसा नहीं हुआ. मियाँ, तू आल्यापासूनच हे सुरू झालंय बरं का."

ते चेष्टेनं म्हणायचे. मी हसायचो.

या सगळ्यात रिपोर्ट अडकून पडले होते. त्यातला एक शोभाताईंचा. बिडकीनला त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान. वय पंचेचाळीसच्या आसपास. डाव्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती, आणि तो काखेत पोचलाय का ते बघायला काखेतली एक छोटी गाठ काढून आमच्याकडे पाठवली होती. ती स्वच्छ असेल तर काम संपलं. तिच्यात काही असेल तर परत ऑपरेशन करून काखेतल्या उरलेल्या सगळ्या गाठी काढायच्या. आणि तसं केलं की हात कायमचा सुजायची शक्यता असते. शोभाताई डावखुऱ्या होत्या. कात्री डाव्या हाताची, खास मागवलेली.

त्या घरी बसून वाट बघणाऱ्या नव्हत्या. एक दिवसाआड बसनं यायच्या, काउंटरसमोरच्या खुर्चीत बसायच्या आणि पिशवीतून साडी काढून फॉल लावत बसायच्या.

"का रं पोरा, झालं का?"

"उद्या होईल मावशी."

"कोणता उद्या? परवा पण तू उद्याच म्हणला व्हता."

"मशीनचा थोडा प्रॉब्लेम आहे."

"आमच्या मशीनला प्रॉब्लेम आला तर मी बॉबिन काढून बघती, तेल सोडती, सुई बदलती. तुम्ही काय करता?"

"आम्ही पण तेच करतोय मावशी."

"मग तुमचा मेकॅनिक कच्चा हाय," त्या म्हणाल्या आणि दातानं दोरा तोडला.

मेकॅनिक कच्चाच होता. आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. टीव्ही सेंटरजवळच्या खोलीवर आम्ही चौघं राहतो. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ताटं विसळतो, ते पाणी संडासात वापरतो. गावाकडं आईला डोक्यावर हंडे आणताना बघत मोठा झालो. आणि लॅबमध्ये काय, तर स्लाइड धुवायचं बफर. दिसायला स्वच्छ पाणीच. तीन मोठ्या बरण्या भरायच्या, स्लाइड दोन-दोन मिनिटं बुडवायच्या आणि सगळं सिंकमध्ये ओतून द्यायचं. पहिल्या दिवशी सलीमभाई म्हणाले, "फेक दे." मी फेकलं, पण जिवावर आलं. पुढं-पुढं नाही फेकवलं. मी ते एका कॅनमध्ये भरून ठेवायला लागलो आणि दुसऱ्या दिवशी परत वापरायला लागलो. मला खरंच वाटलं, मी चांगलं काम करतोय.

कालची अँटीबॉडी त्या पाण्यात उतरायची, आज सगळ्या स्लाइडना लागायची. न लावलेल्यांना पण.

मॅडमनीच पकडलं. एक-एक गोष्ट विचारत आल्या.

"बफर कुठलं?"

"कॅनमधलं."

"कॅन? आपल्याकडे बफरचा कॅन कुठाय?"

मी कॅन पुढं आणून ठेवला. मग सांगितलं. सलीमभाई स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ये लडका पूरे हफ्ते सबको अँटीबॉडी का काढा पिला रहा था."

मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. "पाणी वाचवणं चांगलंय. घरी वाचव."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी ताजं बफर केलं, सगळ्या केस परत लावल्या आणि एकूण एक न लावलेली स्लाइड निळीशार आली. रिपोर्ट निघाले. सलीमभाईंनी चहा पाजला. इथपर्यंत काही अमानवीय नाही, नुसता माझा मूर्खपणा आहे.

फक्त एक केस सोडून. शोभाताईंची.

त्यांची न लावलेली स्लाइड तपकिरीच आली. सगळी नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात आठ-दहा पेशींचा एक पुंजका. आणि अँटीबॉडी लावलेली? पूर्ण निळी.

बाकीच्यांच्या वेळी दोन्ही स्लाइडमध्ये रंग यायचा. ते समजण्यासारखं होतं. इथं उलटं. औषध लावलं तर काही नाही, न लावलं तर रंग!

"स्लाइड बदलल्यास तू," सलीमभाई म्हणाले.

"नाही भाई."

"बफर?"

"ताजं आहे. तुमच्यासमोर केलं."

"मियाँ, आता तुझ्यावर कोण भरोसा ठेवणार?"

बरोबर होतं त्यांचं. मी बाजूला बसलो आणि सलीमभाईंनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं स्वतः केलं. लावलेली निळी. न लावलेलीत पुंजका, त्याच कोपऱ्यात. सलीमभाईंचा चेहरा बघून मला, खरं सांगतो, थोडं बरं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, तो पुंजका काही कापांमध्ये असेल, काहींत नसेल, योगायोगानं तसं होतंय. पटण्यासारखं होतं. मग ब्लॉकचे एकामागोमाग दहा काप काढले, नंबर टाकले. विषम नंबरांना अँटीबॉडी लावली, सम नंबर तसेच. समच्या पाचही स्लाइडमध्ये पुंजका. विषम सगळ्या निळ्या. दुसऱ्या दिवशी परत दहा काप, आता उलट — सम नंबरांना अँटीबॉडी. तर पुंजका विषममध्ये!

मॅडमनी पेन टेबलावर टाकलं. "हे काय चाललंय?"

मग त्यांनी आम्हा दोघांना बाहेर चहाला पाठवलं. स्लाइडवर स्वतःच काहीतरी खुणा केल्या, कुठल्याला अँटीबॉडी लावली ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. पुढचं रंगवायचं काम आमच्याकडे दिलं. आम्हाला काहीच माहीत नाही. संध्याकाळी चिठ्ठी काढून ताडून बघितलं. जिला लावली नव्हती, तिच्यातच.

सलीमभाई म्हणाले, "मॅडम, ब्लॉकला नजर लागलीय. लिंबू-मिरची बांधू?"

"सलीम, बांध. त्याचा पण कंट्रोल ठेव. एका ब्लॉकला बांध, एकाला नको."

आम्ही तिघंही हसलो, पण ते हसणं थकल्याचं होतं. एवढं करून मॅडमचं म्हणणं असं होतं की त्या पेशी दिसायला साध्याच आहेत. आकार नेहमीचा, काही वाईट नाही. फक्त रंगलेल्या. त्यांना कॅन्सर म्हणता येत नाही. पण का रंगल्यात तेही सांगता येत नाही.

आणि या सगळ्यात ब्लॉक संपत आला. पुण्याच्या लॅबला पाठवावा असं ठरेपर्यंत त्यात पाठवण्यासारखं उरलंच नव्हतं. एक शेवटचा काप मिळाला. बरा, सलग.

"आता?" सलीमभाईंनी विचारलं. "लावायची का नाही लावायची?"

मॅडमनी ती स्लाइड उजेडात धरली. मग म्हणाल्या, "अर्ध्यात."

आमच्याकडे एक मेणासारखं पेन असतं. त्यानं काचेवर रेघ मारली की एका बाजूचा द्रव दुसऱ्या बाजूला जात नाही. आधीच्या स्लाइडवरून पुंजक्याची नेमकी जागा मोजून मॅडमनी त्या कापावर सरळ उभी रेघ मारली, पुंजक्याच्या बरोबर मधून. डाव्या बाजूला अँटीबॉडी. उजवी तशीच. पुढचं धुणं-रंगवणं दोन्हीकडं सारखं. मी घड्याळ धरून उभा.

रंग झाला. मॅडमनी बघितलं. उठल्या. सलीमभाईंनी बघितलं. ते पण उठले. मग मी डोळा लावला.

पुंजका अर्धाच होता. रेघेच्या उजवीकडं तपकिरी. डावीकडं, त्याच पुंजक्याचा दुसरा अर्धा भाग, निळा. फूटपट्टीनं कापल्यासारखा.

"मेरेकू नक्को मॅडम," सलीमभाई म्हणाले. "ये मेरेकू दुबारा दिखाव नक्को."

मॅडम मायक्रोस्कोपलाच म्हणाल्या, "ही काय थट्टा लावलीय?" मला त्यांचा इतका चिडलेला आवाज त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकू आला नाही.

रिपोर्ट त्यांनी खरा दिला. गाठीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, असं लिहिलं. खाली एक ओळ जोडली — कंट्रोल स्लाइडमध्ये रंग आला, कारण सापडलं नाही, तपासायला ब्लॉक शिल्लक नाही. सर्जननी तो वाचून शोभाताईंना सांगितलं म्हणे, की थांबून लक्ष ठेवू किंवा काढून टाकू, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा.

त्या तिथून थेट आमच्याकडं आल्या. दुपारची वेळ. मॅडम हॉस्पिटलला गेल्या होत्या, सलीमभाई नमाजला. काउंटरवर मी एकटा.

"ही शेवटची ओळ काय म्हणती? डॉक्टर इंग्लिशमध्येच बोलले."

रिपोर्टचा अर्थ आम्ही सांगायचा नसतो. पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी तसं म्हणालो.

"तुला सांगता येतं का नाय, ते नाय इचारलं. मला कळायला नको का? हात माझा हाय."

मला गप्प बसता आलं असतं. पण कॅनची गोष्ट आठवडाभर न सांगितल्यानं काय झालं ते बघितल्यावर माझ्यात लपवायची ताकद राहिली नव्हती. मी सांगितलं. दोन स्लाइड, औषध, रंग, सगळं... रेघेचंसुद्धा. त्या ऐकत होत्या. हातात सुई होती पण टाका घालत नव्हत्या.

"म्हणजे औषध लावलं की काय नाय, आणि न लावता दिसतंय?"

"हो."

"तुमचं औषध माझ्या काखेत कुठं लावलेलं हाय?"

 बोलायला हवं होतं, की मावशी, असं नसतं. रंग हा फक्त स्लाइडवरचा असतो, अंगात काही निळं-तपकिरी नसतं. आज मला ते वाक्य नीट येतं. त्या दिवशी आलं नाही. 

"मग कापू दे," त्या म्हणाल्या. साडीची घडी केली, पिशवीत ठेवली. "अर्धवट शिवण मला आवडत नाय."

ऑपरेशन झालं. या वेळी सर्जननी गाठी दुसऱ्या लॅबला पाठवल्या. आमच्यावर वैतागले असणार, चूक नाही त्यांची. त्यामुळं पुढं काय निघालं ते आम्हाला कळायचा मार्गच नव्हता. मॅडमनी सर्जनना फोन केला होता, ते "बघून सांगतो" म्हणाले आणि राहून गेलं. मी शोभाताईंना दोनदा फोन लावला, दोन्हीदा उचलला नाही. माझं ट्रेनिंग संपलं. परीक्षा झाली.

या काळात मी ही गोष्ट ज्याला सांगितली, त्यानं मला शहाणपणा शिकवला. आमचे सर म्हणाले, अंगातलंच काही रसायन असेल, अँटीबॉडीनं झाकलं गेलं असेल. मी विचारलं, मग कुठल्याच पुस्तकात का नाही? ते म्हणाले, तू पुस्तक नीट वाचलं नसशील. खोलीवरचा एक मित्र म्हणाला, ती बाई कुणाच्या तरी वाईटावर असणार. मला त्याचा राग आला. सलीमभाईंचं म्हणणं, ब्लॉक संपला, विषय संपला. आणि बाकी सगळ्यांचं एकच — तूच काहीतरी गडबड केली असशील, कॅनसारखी.  एकदा चूक केलेल्या माणसाचं कोण ऐकतं. पण त्या चिठ्ठीच्या वेळी मी बाहेर चहा पीत होतो.

ती शेवटची स्लाइड मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणा जाणकाराला बघायची असेल तर मी मॅडमना विचारू शकतो. मला खरंच कारण हवंय. कसलंही चालेल. कारण ते कळलं असतं तर त्या दुपारी काउंटरवर मी काय बोलायचं होतं, तेही कळलं असतं.

मागच्या आठवड्यात शोभाताईंचा फोन आला. मागं शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"का रं पोरा, पास झाला का?"

"झालो मावशी. तुम्ही कशा आहात? मशीन चालू आहे वाटतं."

"पोरगी चालवती. मी बसून तिला रागावती. हात सुजतो, कात्री धरवत नाय आता. पट्टा बांधून ठिवती दिवसभर." मग म्हणाल्या, "त्ये जाऊ दे. तुमचं सापडलं का? न लावता कामून दिसत व्हतं?"

"नाही मावशी. नाही सापडलं."

 पलीकडं मशीन थांबलं, परत सुरू झालं.

"बारा गाठी काढल्या, पोरा," त्या म्हणाल्या. "बाराच्या बारा कोऱ्या निघाल्या."